हायत की

त्या डॉक्टरचा मला अजून राग येतो. भावाचा त्याहून जास्त येतो. तिसरा राग कुणाचा, तेही सांगते. लपवून आता काय उपयोग!

मी सोलापुरात प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या वर्गातली निम्मी पोरं विणकरांच्या घरची, घरात तेलुगू बोलणारी. त्यांच्या भाषेत आधी पन्नास म्हणतात, मग तीन. आपल्याकडे तीन आधी आणि पन्नास मागून, त्रेपन्न. पोरगं आधी तीन ऐकतं, आधी तीन लिहितं, आणि पाटीवर पस्तीस होतात. नवा मास्तर आला की त्याच्या डोक्यात टपली हाणतो. अशा मास्तरांशी मी कडाकडा भांडलेय. "पोराला मोजता येतंय हो, तुमचा शब्द उलटा आहे, त्याला तो काय करणार?" हे मी प्रशिक्षणात माईक हातात घेऊन सांगितलंय आणि टाळ्या घेतल्यात. त्या टाळ्यांची आता लाज वाटते.

माझी आई मंद्रूपजवळच्या एका खेड्यात मेंढरं राखायची. शाळेची पायरी ती कधी चढली नाही. वीसच्या पुढे तिच्याकडे आकडा नव्हता आणि तिचं कधी अडलंही नाही. संध्याकाळी मेंढरं वाड्यात शिरायला लागली की ती दाराशी उभी राहायची. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायचा, वीस झाली की एक खडा ओच्यात पडायचा. तीन खडे आणि वर पाच पेरं, म्हणजे तीन विसा न पाच. ओठ मात्र मिटलेले असायचे.

कारण जित्या जिवाचा आकडा तोंडानं काढायचा नाही, हा आमच्यातला दंडक. आकडा काढला की नजर लागते. मेंढरं किती, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "हायत की." पोरं किती? "हायत की." लहानपणी मी आणि भावानं एकदा पाहुण्यांसमोर कोकरं मोठमोठ्यानं मोजली होती. आईनं आधी पाहुण्यांना निरोप दिला. मग दोघांनाही फाडकन एकेक थोबाडीत बसली. "जे ऱ्हावं वाटतंय ते मोजायचं न्हाय," म्हणाली.

भाऊ चिंचोळी एमआयडीसीत कामाला. त्यानं शहरात फ्लॅट घेतला आणि आईनं तिथं यावं असा धोशा लावला. आई मेंढरं सोडायला तयार नव्हती. एके दिवशी तिनं चुलीवर दूध ठेवलं आणि ते करपलं. झालं! भावाला तेवढं निमित्त पुरलं. "आईचं डोकं चालंना गं, डॉक्टरला दाखवू." दूध माझ्याकडे आठवड्यातून दोनदा उतू जातं, मला कुणी दवाखान्यात नेलं नाही.

डॉक्टर कोवळा होता आणि घाईत होता. म्हणाला, "आजी, शंभरातून सात वजा करा. मग उरलेल्यातून परत सात."

आई म्हणाली, "शंबर काय?"

"काय म्हणजे? शंभर."

"मेंढरं, का भाकरी, का शेंगा?"

"काही नाही आजी. नुसते शंभर."

"नुस्तं शंबर कुटं असतंय व्हय रं बाबा?" आईला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

डॉक्टरनं कागदावर काहीतरी खरडलं. मग विचारलं, "मेंढ्या किती आहेत तुमच्याकडे?"

"हायत की."

"किती?"

"हायत की."

"मुलं किती?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. "हायत की," म्हणाली.

डॉक्टरनंही माझ्याकडे पाहिलं. तिथं मी बोलायला हवं होतं. पोराला मोजता येतंय, शब्द तुमचा उलटा आहे, असं भर सभेत ओरडणारी मी! मला फक्त एवढंच सांगायचं होतं, की साहेब, आमच्यात आकडा बोलत नाहीत. पण त्या स्वच्छ खोलीत नऊवारीतल्या आईची मला लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर दर रविवारची मंद्रूपची एसटी मलाही नकोशी झाली होती. मी म्हणाले, "हल्ली तिला सांगता येत नाही." तिसरा राग तो हा.

आईला साधे आकडेही कळत नाहीत, असा कागद मिळाला. तो नाचवत भावानं महिन्याच्या आत व्यापारी आणला. व्यापाऱ्यानं जोड्या लावून मेंढरं मोजली, भावानं मोबाईलवर टिपून घेतली. चौसष्ट. दोघांचं जुळलं. आई आमच्याकडे पाठ करून बसली होती, टेम्पोच्या फळीवर खुरं वाजतील तसा तिचा अंगठा पेरांवरून फिरत होता. टेम्पोत शेवटचं मेंढरू चढल्यावर ती न वळता म्हणाली, "एक ऱ्हायलंय."

"आई, दोनदा मोजलंय," भाऊ खेकसला. "तुला कळतंय काय त्यातलं? डॉक्टरनं लिहून दिलंय की!"

टेम्पो गेला. अर्ध्या तासानं वाड्यामागच्या बाभळीखालून बें ऐकू आलं. काळ्या कानाची मेंढी तिथं व्यायली होती, कोकरू अजून ओलं होतं. आई उठली, पदरानं कोकरू पुसलं आणि आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी भावाला म्हटलं, एवढी तरी राहू दे. तो म्हणाला, "फ्लॅटमध्ये बांधू का?" दुसऱ्या दिवशी व्यापारी दोघांनाही घेऊन गेला.

आता आई तिसऱ्या मजल्यावर असते. खिडकीपाशी बसते. अंगठा अजून पेरांवरून फिरतो, पण मधेच थांबतो, कारण दारातून आत येणारं काही नाही.

गेल्या रविवारी मी गेले होते. शेजारीण वाटीभर भाजी घेऊन आली आणि सहज बोलायला म्हणून तिनं विचारलं, "आजी, मुलं किती तुम्हाला?"

आईनं माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं.

"दोन," ती म्हणाली. चांगलं मोठ्यानं, खणखणीत.

माझा हात आपोआप गालावर गेला. भाऊ मात्र खूश. "बघ! बरोबर सांगितलं की!" म्हणाला. लहानपणी ती थोबाडीत त्यानंही खाल्ली होती, पण तो पार विसरलाय. आणि डोकं चालंना म्हणे आईचं!