सुदाम भिंत वाजवतो

बाहेरच्या भिंती धुणाऱ्या माणसाकडे किस्से शेवाळासारखे साठतात. उत्तरेच्या बाजूला, नकळत, आणि घासले तरी पुरते जात नाहीत. अमरावतीत मी पंचवीस वर्षं रंगकाम करतो आणि दिवाळीच्या आधी लोकांच्या घरांच्या भिंती धुऊन देतो. माझे बरेचसे किस्से मात्र माझे नाहीत, सुदामचे आहेत.

सुदामवर मी जळतो, हे आधीच सांगून टाकतो. धंदा एक, गाव एक. फोन मला येतो आणि पहिला प्रश्न असतो, "सुदामभाऊ रिकामे हायेत का?" माझं नाव लोकांच्या तोंडी पहिलं यावं, एवढीच माझी इच्छा आहे. त्यासाठी मी मोबाईलवर धुण्याआधीचे आणि नंतरचे फोटो स्टेटसला ठेवतो. मागच्या वेळी नऊ जणांनी पाहिले. त्यातला एक सुदाम. वर त्याने अंगठाही पाठवला!

०

प्रेशरने पाणी मारायचं मशीन आपल्या भागात पहिल्यांदा मीच आणलं. पहिलं काम वरूडच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्याचं. ट्रकांच्या धुळीने घर काळं पडलेलं. मी मशीन फुल्लवर ठेवलं. धूळ गेली, शेवाळ गेलं, मग रंग गेला आणि खिडकीखालचं प्लास्टर धपकन खाली आलं. आतल्या विटा दिसायला लागल्या.

व्यापारी चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "भाऊ, मले भिंत धुवाची होती, पाडाची नोती." मग त्यांनी माझ्याकडेच सुदामचा नंबर मागितला. मी दिला. पाठ होता ना!

०

सुदामची पद्धत म्हणजे छळ आहे. पाण्याला हात लावायच्या आधी तो अख्खी भिंत बोटांच्या पेरांनी वाजवत फिरतो. जिथे पोकळ आवाज येतो तिथे खडूने गोल करतो, कारण तिथलं प्लास्टर सुटलेलं असतं. मग मागच्या कोपऱ्यात, कोणाला दिसणार नाही अशा जागी, तळहाताएवढा तुकडा मऊ ब्रशने धुतो आणि घरी निघून जातो. रंग उतरतो की राहतो, ते दुसऱ्या दिवशी बघतो.

नांदगाव खंडेश्वरच्या एका शिक्षिकाबाईंनी आम्हा दोघांनाही बोलावलं होतं. मी म्हटलं, एका दिवसात चकाचक करून देतो. सुदाम म्हणाला, उद्या सांगतो. काम त्याला मिळालं. मी कारण विचारलं तर बाई म्हणाल्या, तुम्ही भिंतीकडे पाहिलं तरी होतं का? मी त्या वेळी फोनवर होतो, हे खरं आहे.

०

अकोल्याच्या एका घरी मी ब्लीचिंग पावडर जरा सढळ हाताने कालवली. भिंत पांढरी झाली, तीही ठिपक्याठिपक्यांची. संध्याकाळपर्यंत खालच्या जास्वंदीने मान टाकली. दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंचा फोन आला. शिव्या खायची तयारी ठेवूनच उचलला. बाईंनी आवाज चढवला नाही, फक्त विचारलं, "सुदामभाऊ झाडाइवर ओले पोते टाकतेत म्हणे?"

त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

०

वलगावात तर मी पडलोच. शिडी धरायला कोणी नव्हतं, म्हटलं एका हाताने छज्जा धरू, दुसऱ्याने घासू. खालची फरशी साबणाच्या पाण्याने ओली झालेली होती. शिडी सरकली आणि मी कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगात. सोयाबीनचं ते मऊ कुटार नसतं तर आज हा किस्सा दुसऱ्या कोणी सांगितला असता.

घरमालक गावातले वजनदार गृहस्थ. मला उठवायला आले आणि अंगावरचं कुटार झटकता झटकता कौतुकाने सांगायला लागले, "सुदामनं तं मले दोन घंटे शिडी धराले लावली होती. हालूच देल्लं नाही!" गावात कोणासाठी खुर्चीतून न उठणारा माणूस, आणि शिडी धरल्याचा अभिमान! माझी कंबर ठणकत होती, पण जास्त लागलं ते हेच.

०

आता माझ्या घराचं. उत्तरेची भिंत यंदा हिरवीगार झाली होती. बायको, नंदा, रोज आठवण करून द्यायची आणि मी रोज रविवार सांगायचो. असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी सकाळी फाटक वाजलं. दारात सुदाम उभा, हातात बादली. नंदाने फोन केला होता.

त्याने भिंत वाजवली, तुकडा धुतला, घरी गेला, सोमवारी परत आला. मीटरवर प्लास्टिक बांधलं, माझ्या मोगऱ्यावर ओलं पोतं टाकलं. साबणाचं पाणी खालून वर लावत गेला, म्हणजे ओघळांचे डाग पडत नाहीत, आणि स्वच्छ पाणी वरून खाली सोडलं. शिडी मी धरली होती. भिंत नव्यासारखी निघाली, आणि मी खाली उभा राहून मनात म्हणत होतो, कुठेतरी एक तरी डाग राहू दे.

नंदा चहा घेऊन आली. मान वर करून तिने विचारलं, "सुदामभाऊ, हे सारं शिकले कुठं तुमी?"

सुदामने वरूनच माझ्याकडे बोट दाखवलं. "यायच्याजवळ, वहिनी. दोन वर्स होतो. भिंत वाजवल्याबिगर पान्याले हात लावू देत नोते मले."

नंदाने भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंग तुमी काहून विसरले?"