न प्यालेली दारू

"रोज किती पितेस?"

पोटाला हात लावायच्या आधी डॉक्टरनं हे विचारलं. मी गुडघे छातीशी घेऊन टेबलावर कण्हत होते. मी तोंड उघडायच्या आत मुकादम बोलला, "पियेल व्हती साहेब. तोल गया, पडनी."

मी जन्मात थेंब घेतला नव्हता. खरं वेगळंच होतं. नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर आम्ही बाया गोण्या भरत होतो. शेठचा जावई हौसेनं पिकअप मागं घेत होता. गाडीचा मागचा फाळका माझ्या पोटात बसला. पाठीला वजनकाट्याचं लोखंड. मधे मी.

डॉक्टरला मुकादमाचा शब्द पुरला. माझं आडनाव ऐकलं, केसपेपरवर 'दारूचं व्यसन' लिहिलं, पित्ताचं इंजेक्शन टोचलं, घरी पाठवलं. एवढी वर्षं शिकलेला माणूस. भिलाची बाई समोर आली की त्याचं शिक्षण संपतं.

तिसऱ्या दिवशी पोट फळीसारखं झालं. ताप, उलट्या. नवऱ्यानं मला आमच्या कोरीट गावाहून जीपमधे घातलं, धुळ्याला नेलं. तिथं स्कॅन झाला. एक तरुण डॉक्टरीण होती, तिनं समजावलं. जठराच्या मागं, मणक्यावर आडवं स्वादुपिंड असतं. ते मार लागून मधोमध तुटलंय.

"आधी का नाही आणलं?"

नवऱ्यानं हातातला केसपेपर पुढं केला.

अर्धं स्वादुपिंड काढलं, प्लीहाही काढली. आठव्या दिवशी पोटातल्या नळीतून रस गळायला लागला, तो थांबेना. हा रस अन्न पचवतो. अन्न मिळालं नाही की कातडी पचवतो. नळीभोवतीचं पोट भाजल्यासारखं लाल झालं. मग आत पू झाला. परत पोट फाडलं. नाकात नळी, तोंडात पाण्याचा घोट नाही. शेजारच्या खाटेवरची बाई माझ्या नवऱ्याला म्हणाली, "हाई नही वाचाव." मी ऐकत होते.

एका सकाळी मोठे सर विद्यार्थी घेऊन आले. माझं ऑपरेशन त्यांनीच केलेलं. माझी फाईल उघडली. वर तोच जुना केसपेपर लावलेला. "बघा, दारूचा पेशंट. यांना कितीही वाचवा." मग माझ्याकडं वाकून, "काय, घरी जाऊन परत पिणार ना?"

पोरं हसली.

माझ्यात बसायचं बळ नव्हतं. खाटेची दांडी धरून बसले.

"ते खोडा."

"जे लिहिलंय ते वाचतोय मी, बाई."

"कोणी लिहिलं? मला विचारलं का? मला गाडीनं चेपलंय. फाळक्याचा वळ तुम्हीच पाहिला ना पोटावर?"

सरांनी फाईल मिटली, पुढच्या खाटेकडं गेले. उत्तर द्यायची सवय नसावी. डॉक्टरीण मात्र थांबली. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. गाडीचा अपघात म्हटल्यावर पोलीस आला. मी जबाब दिला.

दोन दिवसांनी शेठचा जावई उगवला. सफरचंदं घेऊन. नाकात नळी असलेल्या बाईला सफरचंदं!

"मुकादम चुकना," तो म्हणाला. "तो जबाब माघारी ले. आपन घरनाच मानसं शेत."

"घरनी?" मी म्हटलं. "मंग मन्हा पानीना गलास बाहेर खिडकीवर का बरं ऱ्हास?"

तो सफरचंदं ठेवून गेला. नवऱ्यानं ती शेजारच्या खाटेवर वाटली.

दीड महिन्यानं नळी निघाली. मी जगले. साखर वाढली, रोज इन्सुलिन टोचते, बाटली माठाच्या गारव्यात ठेवते. पोटावर उभा-आडवा वण आहे. पथारीवर मला बंदी आहे. तिथली कुठली बाई दवाखान्यात गेली तर मी सोबत जाते. मुकादमाला बाहेर बसवते. बाईला काय झालं ते बाई सांगेल. डॉक्टरनं काय लिहिलं ते वाचल्याशिवाय मी उठत नाही.

खटला उभा आहे. जावयाचा वकील पुन्हा पुन्हा पुढची तारीख मागतो. बाई थकेल, असं त्याला वाटतं. दोनदा पोट फाडून मी मेले नाही, याच्या तारखांनी मरेन? प्रत्येक तारखेला मी जाणार. गाडी कोण चालवत होतं, ते नाव घेऊन सांगणार. मोठ्यानं.