पत्नी मयत, समक्ष हजर

लष्कराच्या दप्तरी बायनाबाई छत्तीस वर्षं मयत होत्या. तेवढ्या काळात त्यांनी एक मुलगी वाढवली, सासू-सासऱ्यांचं शेवटपर्यंत केलं, मुलीचं लग्न लावलं, आणि मागच्या चैतात नवऱ्याच्या काळजात नांदेडला दोन स्टेंट बसवून आणले. मेल्यामुळं त्यांचं कुठलंच काम अडलं नव्हतं.

अडलं ते परभणीत, माजी सैनिक मदत केंद्रात. पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या म्हणजे हे केंद्र. खाली गिरणी सुरू झाली की वरचं टेबल थरथरतं, म्हणून गिरणी थांबेपर्यंत कुणी सही करायची नाही असा तिथला नियम आहे. केंद्र धम्मशीलाताई चालवतात. त्यांचे मालक फौजेत नायक होते, ड्युटीवर वारले. स्वतःचे कागद जुळवता जुळवता ताईंना सगळ्यांचेच कागद जुळवता यायला लागले, आणि नऊ तालुक्यांतली माणसं पिशव्या घेऊन गिरणीचा जिना चढायला लागली.

बायनाबाई राणीसावरगावाजवळच्या एका वाडीतून पहिल्या गाडीनं आल्या. नवरा, हवालदार व्यंकटराव फड, रिटायर होऊन जमाना झाला होता. स्टेंट बसल्यापासून मुलगी अपेक्षा आईच्या मागंच लागली होती, बाबांच्या माघारी पेन्शन तुझ्या नावावर चालू राहील का ते एकदा विचारून ये. व्यंकटराव दरवेळी म्हणायचे, नाव हाय की. कुठं हाय ते मात्र सांगायचे नाहीत.

धम्मशीलाताईंनी कागद उलटसुलट केले.

"मावशी, काकांचं हे दुसरं लग्न का?"

"न्हाई. पयलंच. कामून?"

"ह्यात लिहिलंय, पत्नी मयत. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी."

बायनाबाईंनी पदरानं चष्मा पुसला. "हां. ते मीच की."

मग त्यांनी सांगितलं. पहिलं लेकरू बाळंतपणात गेलं होतं. दुसऱ्या खेपेला त्यांनी मास्तरांकडून पत्र लिहवून घेतलं, आवंदा तुमी जवळ पायजेत. व्यंकटराव तेव्हा आसामात. सुट्ट्या बंद होत्या, आणि घरून तार आल्याशिवाय कुणाला सोडत नव्हते. व्यंकटरावांची आई एकदा आणि वडील दोनदा आधीच्या तारांत सिरीयस होऊन गेले होते. राहता राहिली बायको. सिरीयसवर आता कुणी विश्वास ठेवत नव्हतं, म्हणून गंगाखेडच्या दोस्तानं तारेत सरळ मरण लिहिलं. एक महिन्याची सुट्टी मिळाली. व्यंकटराव आले, तिसऱ्या दिवशी अपेक्षा जन्मली. नंतर मृत्यूचा दाखला म्हणून एक कागदही तयार झाला. त्यावरची सही कुणाची, हे वाडीत आजही कुणी सांगत नाही.

परत जायच्या आदल्या दिवशी व्यंकटरावांनी डोकं भादरून घेतलं, कारण पलटणीत बघणार होते. वाडीत भादरलेलं डोकं म्हणजे बाप गेला. बाप तर ओट्यावर बिडी ओढत बसला होता. माणसं भेटायला आली ती त्यालाच येऊन भेटली. पुढं चार वर्षं तो लेकाशी बोलला नाही.

"पलटणीतून दुखवट्याचं पत्र आलं," बायनाबाई म्हणाल्या. "मास्तरांनी मला वाचून दाखवलं. लय चांगलं लिव्हलं होतं. माझ्याबद्दल घरात आसं कुणी कदी बोललं न्हाई."

"आणि नंतर दुरुस्त नाही केलं?"

"मला वाटलं, सुट्टी संपल्यावर जिती केली आसंल."

धम्मशीलाताईंनी त्यांना समजावून सांगितलं. दुरुस्ती व्यंकटरावांनाच करता येते, आणि तीही ते आहेत तोवर. नाही केली तर त्यांच्यामागं मयत बाईला कोण पेन्शन देणार. शनिवारी काकांना घेऊन या.

शनिवारी व्यंकटराव इस्त्रीचा शर्ट घालून आले. वाडीच्या शाळेत दर पंधरा ऑगस्टला झेंडा त्यांच्या हातानं चढतो, आणि त्यानंतर ते खरं बोलण्याविषयी दहा मिनिटं बोलतात. केंद्राच्या बाकड्यावर रिटायर्ड सुभेदार महारुद्र पेपर वाचत बसले होते. ते शनिवारी असतातच. अर्जावर माजी सैनिकाची साक्ष लागते, ती बहुतेक त्यांचीच असते. त्यांना बघून व्यंकटरावांनी सगळी हकीकत इतक्या हळू सांगितली, की महारुद्रांनी ती दोनदा सांगायला लावली.

"सोपं हाय," महारुद्र म्हणाले. "दप्तरी तुमी रंडके. रजिस्टर लग्न लावा. नव्या बायकोचं नाव चढतंय. मागचं काई उकरायचं काम न्हाई."

व्यंकटरावांचा चेहरा कोर्टात पुढची तारीख मिळाल्यासारखा मोकळा झाला. "हार मी आणतो," ते म्हणाले.

"कुणासाठी?" बायनाबाईंनी विचारलं.

"तुज्यासाठीच की."

"म्हंजे मी मेलेलीच ऱ्हाणार, आन माझ्या उरावर सवत येणार. ती बी मीच."

"कागदावर गं."

"मेले बी कागदावरच ना आवो? मंग तितंच जिती करा." पिशवी मांडीवर घट्ट धरून त्या पुढं म्हणाल्या, "आन अपेक्षा कुणाची? ती तर मी मेल्यावर जल्मली."

खाली गिरणी सुरू झाली. टेबल थरथरायला लागलं.

ती थांबल्यावर धम्मशीलाताईंनी अर्ज पुढं केला. सन अठ्ठ्याऐंशीत मी खोटी माहिती दिली, माझी पत्नी हयात आहे, एवढं व्यंकटरावांनी लिहिलं. खाली एक रकाना उरला. ही बाब आजवर का कळवली नाही?

"कामाच्या व्यापामुळं," व्यंकटराव म्हणाले.

"काका, छत्तीस वर्षं?"

"टपालात गहाळ झालं म्हणून लिव्हतो."

"ते नका लिहू," महारुद्र म्हणाले. "तिथं आवक-जावक असतंय. हुडकतेत."

व्यंकटरावांनी पेनचं टोपण लावलं, काढलं.

"काय झालं हुतं ते लिव्हा," बायनाबाई म्हणाल्या. "मला बी कळू द्या. मी कदी इचारलं न्हाई."

ते खिडकीकडं बघत बोलले. "भेलो हुतो. आदी नोकरी जाईल म्हणून. मंग पेन्शन बंद करतील म्हणून. आता शाळेवाले झेंड्याला बलवायचे न्हाईत म्हणून." मग ते महारुद्रांकडं वळले. "भेलो म्हणून लिव्हू का, साहेब?"

महारुद्रांनी पेपराची घडी घातली.

"हिंदीत लिव्हा," ते म्हणाले. "भय के कारण. जरा बरं दिसतंय."

व्यंकटरावांनी तसं लिहिलं. बायनाबाईंनी ते वाचून दाखवायला लावलं, मग मान हलवली. सही झाली, साक्ष झाली. धम्मशीलाताईंनी सांगितलं की पाच-सहा महिने लागतील, एखादा खुलासाही मागतील, पण असे दोन अर्ज ह्याआधी इथूनच गेलेत आणि दोघांचंही काम झालंय. पेन्शन कुणाचीच बंद झाली नाही. त्यांनी पाकीट चिकटवलं.

"आणा, मी टाकतो टपालात," व्यंकटराव हात पुढं करून म्हणाले.

"तुमी बसा. चहा घ्या सुभेदार साहेबांसंगं," बायनाबाई म्हणाल्या, आणि पाकीट पिशवीत घालून जिना उतरल्या.

पोस्टात रांग होती. त्या उभ्या राहिल्या. खिडकीतल्या बाबूनं पाकिटाचं वजन केलं, वर न बघता विचारलं, "पाठवणाऱ्याचं नाव?"

"बायनाबाई व्यंकटराव फड," त्यांनी सांगितलं. बाबूला नीट ऐकू गेलं होतं, तरी त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं.