माळव्याचं पाणी

ही गोष्ट मी आजवर पन्नास वेळा तरी सांगितली असेल — पण निम्मी. रबरी नळीनं पाणी ओढताना ठसका लागला, तिथवर. लोक हसतात, मीही हसतो आणि चहा मागवतो. त्यापुढचं कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला थोडं माहीत असावं. पण माहीत असणं वेगळं आणि मी तोंडानं सांगणं वेगळं. तर आज पुढं जायचंय. ऐका.

लातूर जिल्हा नवा झाला ते दिवस. उस्मानाबादहून ट्रकात भरून खुर्च्या आल्या, कपाटं आली आणि त्यांच्या मागोमाग आमच्यासारखे कारकूनही आले. जिल्हा नवा, पण पाणी नवं कुठून आणणार? दोन वर्षं पावसानं दगा दिलेला. आम्ही एका ओळीतल्या सात खोल्यांत भाड्यानं राहायचो. घरमालकाला सगळे आबा म्हणत. खोल्यांच्या मागं सिमेंटचा हौद होता. दर तिसऱ्या दिवशी टँकर तो भरून जायचा आणि त्यातून दर घराला सकाळी चार घागरी मिळायच्या. हौदाच्या झाकणाला कुलूप. किल्ली माझ्याकडं. का? तर हौद माझ्या परसाच्या भिंतीला लागून होता म्हणून. शिवाय मी कचेरीतला माणूस, म्हणजे भरवशाचा.

आता माझं एक दुखणं सांगतो. मी शेतकऱ्याचा मुलगा, पण नावाला. निलंग्याकडच्या आमच्या वावरात माझ्या हातची तिफण कधी सरळ चालली नाही. वडील म्हणायचे, "तू आपला शाळेतच बरा." ते मनात सलत होतं. म्हणून परसात चार वाफे केले. भेंडी, गवार, काकडी, दोडका — आमच्याकडं भाजीपाल्याला माळवं म्हणतात, ते माळवं मी लावलं. पाणी कुठलं, तर सांडपाणी घालू म्हटलं. शालन, माझी बायको, म्हणाली, "दोन तांब्यांत आंघोळ करून राहिलो आपण. सांडायला पाणी हाय कुठं?"

माघाच्या शेवटी रोपांनी माना टाकल्या. मग एका दुपारी — उन्हानं सगळ्यांची दारं बंद — मी हौदाचं कुलूप काढलं, नळीचं एक टोक आत सोडलं, दुसरं तोंडात धरलं आणि जोरात ओढलं. पाणी नाकातून बाहेर. खोकला आवरेना आणि खोकायची तर चोरी. एका हातानं तोंड दाबलेलं, दुसऱ्या हातात नळी, डोळ्यांतून धारा. त्या दिवशी काकडीला थोडं माझंही पाणी मिळालं.

इथं लोक हसतात.

मग रोज दुपारी जेवायला घरी आलो की पाव तास नळी चालायची. पाडव्याच्या तोंडावर पहिला तोडा निघाला. पहिला तोडा एकट्यानं खायचा नाही, शेजारीपाजारी त्याचा वानवळा द्यायचा, ही आमच्याकडची रीत. दुष्काळात हिरवी भाजी! शालन वाडगे घेऊन घरोघर गेली, मी मागं सांडपाण्याचं महत्त्व सांगत फिरलो. आबा म्हणाले, "ह्याला म्हणतात शेतकऱ्याचं रक्त." ज्यांचं पाणी होतं त्यांनाच मी त्यांची भाजी वाटत होतो आणि वर कौतुक घेत होतो. वडिलांनी ते ऐकायला हवं होतं, असंही वाटून गेलं. केवढा निर्लज्जपणा, नाही?

ओळीतली शेवटची खोली केरबा आणि गयाबाईची. देवणीकडचं बौद्ध कुटुंब. केरबा आमच्याच कचेरीत शिपाई, अजून कायम न झालेला. सगळे एकाच हौदावर पाणी भरायचे, कुणी चकार शब्द काढत नसे. नव्या जिल्ह्यात आपण सुधारलो, असं आम्हाला वाटायचं. गयाबाई शालनला एकदा म्हणाली होती, "माजी आई जलमभर हिरीपासून दूर हुबी ऱ्हायली, कुणी वाढंल म्हणून. मी माज्या हातानं भरते. लई बरं वाटतं." शालननं ते मला सांगितलं होतं. म्हणजे मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

वानवळ्याचं वाडगं परत करायला गयाबाई आली. आत चिंचेचा गोळा होता. रिकामं भांडं कसं द्यायचं? परसाच्या दारात उभी राहून तिनं वाफ्यांकडं बघितलं.

"दादा, साबनाच्या पान्यावर अशी काकडी येत न्हाई," ती म्हणाली. "माज्या बापानं दुसऱ्याचं माळवं राखलं जलमभर. म्हनून म्हनलं."

मी काहीतरी हसल्यासारखं केलं.

"ग्वाड हाय पन," ती म्हणाली. "खाल्ली आमी." आणि गेली.

एवढंच. धमकी नाही, टोमणाही नाही. घराबाहेर माझी चोरी कळलेलं ते एकच माणूस. आणि ते माणूस काकडी खाऊन, चिंच देऊन गप्प बसलं होतं. मला मात्र त्या दिवसापासून अन्न गोड लागेना. सकाळी हौदावर तिचा नंबर आला की मी दुसरीकडं बघायचो.

आठ-दहा दिवसांनी हौद टँकर यायच्या आधीच आटला. शेवटच्या दोन घरांना दोनच घागरी मिळाल्या. त्यातलं एक घर गयाबाईचंच. आबांनी सगळ्यांना हौदापाशी बोलावलं. "कुलूप शाबूत हाय. मग पानी गेलं कुठं?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. भिंतीपलीकडं माझे वाफे ओले होते. मला वाटलं, आता गयाबाई बोलणार.

म्हणून मी आधी बोललो.

"मला कुणाचं नाव घ्यायचं नाही," मी म्हणालो. "पण किल्ली आमच्या खुंटीला असते. परवा दुपारी गयाबाई आमच्याकडं बसल्या होत्या."

बघा, यातलं एकही वाक्य खोटं नाही. किल्ली खुंटीलाच असायची. गयाबाई खरंच येऊन बसल्या होत्या, शालनसोबत शेवया करायला. मी फक्त दोन खऱ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या. कचेरीत तेच तर शिकलो होतो.

केरबा म्हणाला, "साहेब, तिनं किल्ली घेतलेली तुमी बगितलं का?"

"मी बघितलं नाही," मी म्हणालो. हेही खरं.

गयाबाईनं एकदा माझ्याकडं बघितलं, मग केरबाकडं. केरबाच्या नोकरीचा कागद माझ्या टेबलावरून जायचा होता. हे तिला माहीत होतं. आणि तिला माहीत आहे, हे मला.

आबा म्हणाले, "उद्यापासून त्यांनी हौदाला हात लावायचा न्हाई. किल्लीवाल्यानं वरून वाढायचं." एक-दोघांच्या चेहऱ्यावर तर बरंच वाटल्यासारखं दिसलं — जणू बरेच दिवस अवघडून बसलेल्यांना पाय पसरायला मिळाले.

पाणी चोरलं, त्याचं मला आज इतकं वाटत नाही. घाबरून खोटं बोललो, असंही म्हणता आलं असतं. पण माझं सोडून सहा घरं होती. तिसऱ्या खोलीतले कंपाउंडर तर रोज आमच्या खुंटीखाली बसून पेपर वाचायचे. त्यांचं नाव का नाही घेतलं? गयाबाईला माझी चोरी माहीत होती, हे एक कारण. दुसरं कारण असं की कंपाउंडरांचं नाव घेतलं असतं तर लोकांनी पुरावा मागितला असता. गयाबाईसाठी कुणी मागणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. बोलायच्या आधी, उभ्या उभ्या, मी हा हिशेब केला होता. उभ्या आयुष्यात माझा एवढा चोख हिशेब दुसरा कुठला झाला नाही.

आणि बाग? बागेला मी पाणी पाजतच राहिलो, हौद पुन्हा आटणार नाही एवढ्या बेतानं. आता तर संशयही उरला नव्हता. गवार मृगापर्यंत निघाली. शालन ती निवडायची, शिजवायची, मला वाढायची. स्वतःच्या ताटात मात्र घ्यायची नाही. मी तिला विचारलं नाही. पुढं केरबा कायम झाला — कागद मी चांगल्या अक्षरात केला — आणि बदली मागून ते उदगीरला गेले. त्यानंतर भेट नाही.

पण त्याआधी दोन महिने मी रोज तिला पाणी वाढलं. पहिल्या सकाळी ती आली, घागर खाली ठेवली आणि न सांगता दोन पावलं मागं सरली. मागं सगळी ओळ उभी, आबाही उभे. मी बादली ओढून काढली आणि घागरीवर वाकवली. बादलीचा काठ घागरीला टेकायला आला.

"वर धरा, दादा," ती म्हणाली. "लागंल."

मी बादली वर धरली. छातीपर्यंत, सगळ्यांना दिसेल अशी.