तीर्थाला मळीचा वास

एकाहत्तरच्या लढाईत आमचे हे सीमेवर होते. पत्र येईना, तेव्हा मी घाटावरच्या महादेवाला नवस बोलले, 'हे सुखरूप आले, तर जन्मभर दर सोमवारी कृष्णामाईच्या पाण्यानं तुला अभिषेक घालीन आणि त्याच तीर्थानं उपास सोडीन.' हे आले. माझे सोमवार सुरू झाले. नवस बोलताना देवाची काळजी होती, यांची होती. पाण्याची काळजी कोण करतं? कृष्णामाई वाहणारच!

सोमवारी घाटावर आम्हा बायकांचं मंडळ बसतं. मी, शेजारची शालन आणि सगळ्यांत वडील सुभद्राकाकी. किस्से काही आम्ही शोधत नाही. नदीतून गाळ यावा तसे येऊन साठतात, आणि कुणापाशी तरी उपसल्याशिवाय जीव मोकळा होत नाही. तर ऐका.

* * *

आमच्या गावाच्या वर साखर कारखाना आहे. त्यानं मळीपासून दारू गाळायला डिस्टिलरी काढली आणि उरलेलं काळं-तांबडं पाणी नाल्यातून सोडलं ते थेट नदीत. पहिल्याच उन्हाळ्यात मासे उलटे होऊन काठाला लागले. शालनची म्हैस पाण्यापर्यंत जायची, वास घ्यायची आणि तोंड फिरवून माघारी यायची.

मी मात्र सोमवार चुकवला नाही. कळशी भरली, अभिषेक घातला. दुपारी गुरव घरी आला.

"वैनी, जरा देवळात येताय का?"

जाऊन बघते तर पिंडीवर मुंगळ्यांची रांग! कारखान्यातलं गोड धुवण त्या पाण्यात असणार. गुरव म्हणाला, "आता अभिषेक आडाच्या पाण्यानं करा. देव काय इचारतोय?"

"देव विचारत नसेल," मी म्हटलं, "पण मी बोलले होते कृष्णामाईचं. आडाचं नव्हे."

त्या दिवसापासून तीर्थ नुसतं डोळ्यांना लावायची आणि उपास घरच्या पाण्यानं सोडायची. नवस अर्धाच फिटत होता. रात्री ते मनाला खात राही.

* * *

एकदा यांनी पेपर वाचता वाचता हाक मारली, "अगं, पाण्याचं प्रदूषण रोखायला सरकारनं कायदा केलाय. नदीत घाण सोडली तर खटला!"

मला इतका आनंद झाला की मी गुळाचा शिरा केला आणि घाटावर वाटला. सुभद्राकाकींनी शिरा खाल्ला, बोटं पुसली आणि विचारलं, "मंग पानी कवा साफ हुनार? ह्या सोमवारी का पुढल्या?"

मी म्हटलं, "काकी, कायदा आता झालाय. थोडा धीर धरा."

"धरते की. नाक धरून बसलेच हाय, त्यात धीर बी धरते."

* * *

खरंच सांगलीच्या सरकारी ऑफिसातले पाणी तपासणारे साहेब आले. जीपमधून आले, काठावर उभे राहिले, पाणी बघितलं. आणि पाणी कसं? तळाचे गोटे दिसावेत असं! साहेब खूश होऊन गेले. जीप वळणाआड गेली आणि संध्याकाळपर्यंत नदी पुन्हा काळी.

शालनचे मालक कारखान्यात पाळीवर जातात. त्यांच्याकडून कळलं, की साहेब निघाले की आधी फोन येतो. मग नाल्याच्या तोंडाला फळ्या टाकायच्या आणि पाणी आत साठवायचं.

माझा संताप संताप झाला. काकींनी मात्र त्यातून वेगळंच काढलं. एका सकाळी घाटावर वास येईना, तशी त्या गल्लीभर ओरडत निघाल्या, "आज सायेब येनार हाय गं! गोधड्या काढा धुवायला!"

साहेब आले तेव्हा सगळा घाट गोधड्यांनी भरलेला. ते कौतुकानं म्हणाले, "वा, नदीचा चांगला वापर होतोय."

काकी पुढं झाल्या. "सायेब, तुमी हितंच ऱ्हावा की. माझी माडी मोकळी हाय, भाकरी मी घालते. तुमी असलासा की पानी लय ग्वाड असतंय."

साहेब हसले. कळलं नसावं, असं मला तेव्हा वाटलं.

* * *

मग आम्ही तिघींनी ठरवलं, साहेब घाणीपाशी येत नाहीत तर घाण साहेबांपाशी न्यायची. कळशीत मळीचं पाणी भरलं, वर फडकं बांधलं आणि एसटीत बसलो. दोन थांबे जातात न जातात तोच कंडक्टर नाकाला रुमाल लावून आला.

"काय हाय त्यात?"

"कृष्णामाई," मी म्हटलं.

बिचाऱ्यानं रुमाल खाली घेतला. तो नदीकाठच्याच गावचा निघाला. त्यानं खिडकी उघडून दिली, आणि सांगलीपर्यंत मी कळशी मांडीवर धरून बसले.

साहेबांच्या ऑफिसात क्लार्कनं कळशी उंबऱ्याबाहेर ठेवायला लावली. म्हणाला, "बाई, हे पाणी कायद्यात चालत नाही. नमुना साहेबांनी स्वतः घ्यायचा, कारखान्याच्या माणसासमोर, दोन बाटल्यांत भरून."

"आन् आमी भरतोय ते कुनासमोर?" काकींनी विचारलं.

क्लार्कनं पंख्याचं बटण वाढवलं. मी ते पाणी घेऊन परत आले. कायदा आपल्यासाठी झाला आणि आपल्यालाच त्यात जागा नाही, हे मला गिळवेना.

* * *

त्याच वर्षी हंगाम संपल्यावर कारखान्यावर सत्यनारायण होता. डिस्टिलरी अजून चालूच होती. लढाईवरून आलेला सभासद म्हणून पूजेला बसायचा मान आमच्या यांना मिळाला. जोडीनं बसायचं आणि कलशाचं पाणी यजमानीणबाईनं नदीवरून आणायचं, ही तिथली पद्धत.

दिवस सोमवार. प्रमुख पाहुणे तेच साहेब. पण ते पूजेला येणार होते, तपासणीला नव्हे. म्हणून फळ्या टाकायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

मी नाल्याच्या खालच्या अंगाला उतरले आणि कलश भरला. हात जोडून म्हटलं, 'देवा, राग मानू नकोस. माय आजारी आहे, पण माय आहे.'

पूजा झाली. भटजींनी उपरणं नाकाला लावूनच मंत्र म्हटले. पहिलं तीर्थ यजमानांचं. यांनी घेतलं. मग मी ओंजळ पुढं केली आणि किती दिवसांनी उपास नवसाप्रमाणे सोडला. घशाखाली उतरेना, पण उतरवलं.

मग कारखान्याच्या चेअरमनसाहेबांच्या हातावर पळी पडली. त्यांनी हात तोंडाजवळ नेला आणि तिथंच थांबवला. तीर्थ सांडता येईना, पिता येईना.

"वहिनी, हे पाणी कुठलं?"

"कृष्णामाईचं. नाल्याच्या खालचं. मी दर सोमवारी भरते तिथलंच."

मागून काकी पाहुण्या साहेबांना म्हणाल्या, "सायेब, आता तुमी बी हायसा आन् कारखान्याचा मानूस बी हाय."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, कलशाकडं बघितलं. मग ड्रायव्हरला हाक मारली, "जीपमधल्या दोन बाटल्या काढ." आणि चेअरमनसाहेबांकडं वळून अगदी अदबीनं म्हणाले, "तीर्थ घ्या. मग आपण नाल्यापर्यंत जाऊन येऊ."

तुमच्या गावालाही असा नाला असेल आणि पूजेला बसायचा मान तुम्हाला आला, तर माझं एवढं ऐका, कलश खालच्या अंगानं भरा.