पहिलटकरणीचं दूध

मुकुटबनात औषध कालवावं तर रामरावांनीच. त्या वर्षांत कापसाचं काही खरं नव्हतं. भाव पडलेला, आणि बोंडअळी तर एकट्या औषधाला भीकच घालत नव्हती. म्हणून दोन-तीन डब्यांतलं मिळून जालीम मिश्रण करायचं, आणि ते रामराव ड्रमात कोपरापर्यंत हात घालून ढवळायचे. काठी घ्या म्हटलं की म्हणत, "काठीले समजते काय, किती जहाल झालं ते?" फवारणीच्या दिवसांत सकाळी सकाळी त्यांच्या अंगणात माणसं कॅन घेऊन उभी राहायची. मान होता बुवा माणसाला, आणि त्या मानाची सवयही लागली होती.

अशा माणसाची लेक शिकायला गेली कुठे, तर थेट कोकणात, डॉल्फिनचा अभ्यास करायला! आमच्याकडच्या लोकांनी समुद्र पाहिला तो कॅलेंडरवर. सुरभी गावी आली की शेजारचा देवसिंग, रामरावांचा जिवाचा दोस्त, तिला चिडवायचा, "बकरीचं दूध पिलेली पोट्टी, मासे मोजून राह्यली!" सुरभी म्हणायची, "मासा नोहे तो, काका. पिल्लाले दूध पाजते."

बकरीचं मात्र खरं होतं. सुरभीच्या आधी तिच्या आईला, विमलताईंना, मुलगा झाला होता. पहिलटकरीण बाई, पोट पुढे आलेलं, तरी फडक्याच्या पुरचुंडीतून औषधाची पांढरी भुकटी कपाशीवर झटकत ओळीओळीनं फिरायच्या, कारण नवऱ्यानं सांगितलेलं. पोरगं अंगावर पीत असतानाच झिजत झिजत गेलं. सासूनं निकाल दिला, दूध बाधलं. पुरावा काय, तर वाटीत दूध काढून त्यात मुंगी टाकली आणि ती मेली. आता मुंगी दुधात पडल्यावर मरणार नाही तर काय पोहून काठाला लागणार? पण सासूपुढे बोलणार कोण!

मग सुरभीच्या बारशाला, घर बायांनी भरलेलं असताना, रामरावांनी आईच्या सांगण्यावरून बकरी आणून अंगणात बांधली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "विमल इले अंगावर पाजनार नाही. हिच्या दुधानं एक गेला, बस झालं." बायांनी वाहवा केली, बाप असावा तर असा. विमलताईंनी पदर ओढून घेतला. दुधानं छाती दाटून ताप चढला, तरी पोरगी बकरीच्याच दुधावर वाढली.

एका वर्षी सुरभी पोळ्याला आली होती. रामराव बैलांची शिंगं रंगवत होते. सहज म्हणाले, "तिकडं नेमकं काय करतं तू, सांग तं एकदा."

"होडीतून फोटो काढतो, बाबा. त्यायच्या पाठीवरच्या पराले खाचा असतात, त्यावरून एक एक ओळखू येते. मेलेलं किनाऱ्याले लागलं तं त्याची चरबी तपासतो."

"काय भेटते चरबीत?"

"आपलं जुनं औषध. ते पांढऱ्या भुकटीचं. नदीनाल्यानं समुद्रात जाते, माशात जाते, मासे खाऊन यायच्या अंगात. पाण्यात विरघळत नाही, म्हणून चरबीत साठून राह्यते. मादी व्याली की तिच्या दाट दुधातून उतरते. सगळ्यात जास्त पहिलटकरणीच्या पिल्लाले. इतक्या वर्षांचं साठलेलं त्याच्याच वाट्याले येते. मागून झालेल्यायले कमी."

रामरावांचा हात शिंगावरच थांबला. "म्हंजे तिचं दूधच खराब?"

"दूध कायले खराब असन, बाबा? दुधात आलं ते खराब. तिचा काय दोष?"

"आन मानसात?"

"मानसाच्या दुधातही सापडलं आहे. पण एखादं लेकरू त्यानंच गेलं, असं छातीठोक कोणी सांगू शकत नाही." आपण हे कोणाला सांगतोय ते सुरभीच्या तेव्हा कुठे लक्षात आलं.

छातीठोक नसेना का, रामरावांना कळायचं ते कळलं. ते उठून स्वयंपाकघरात गेले. विमलताई पुरण वाटत होत्या.

"विमल, तुह्या दुधात काही नोहतं. असन तं ते माह्या हातानं आलं असन."

विमलताईंचा हात चालूच राहिला. वाटता वाटताच म्हणाल्या, "बारशात बोलले होते तुमी, चार बायांच्या देखत. आता चुलीपाशी सांगून राह्यले?"

रामराव मग म्हणाले, "सांगतो. उद्या सकाळी सगळ्यायच्या देखत सांगतो."

विमलताईंनी पहिल्यांदा वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि विश्वासही होता.

सकाळी अंगण भरलं. ड्रममध्ये पाणी पडलं. विमलताई दारात येऊन उभ्या राहिल्या. एरवी फवारणीच्या वेळी त्या बाहेर येत नसत. रामरावांनी घसा खाकरला. "आयका बाप्पा. मी बकरी आनली होती, ते चुकलं माह्यं. विमलच्या दुधात खोट नोहती. ह्या औषधानं..."

"हे कोनं सांगतलं?" देवसिंगनं विचारलं.

"सुरभीनं. डॉल्फिनमंधी तसंच होते म्हने."

"घ्या! आता रामराव माशायपासून बाळंतपन शिकून राह्यले!"

अंगण खदखदून हसलं. कोणाच्या मनात पाप नव्हतं, देवसिंगच्या तर नाहीच. त्याला फक्त गंमत सुचली. तेव्हा रामरावांनी एकदा डोळे वटारले असते तरी माणसं चूप झाली असती, इतका त्यांचा वचक होता. पण मानाची सवय लागलेल्या माणसाला हसं झालेलं सोसत नाही. तेही हसले. हसत हसत त्यांनी डब्याचं झाकण फोडलं.

मान वर केली तेव्हा दार रिकामं होतं. ते तसेच आत धावले.

"अवं विमल, आयक तं. त्यायनं बोलूच देल्लं नाही मले."

विमलताई रडत नव्हत्या. "बुढीनं लय दोष देल्ला मले," त्या म्हणाल्या. "मुंगी टाकली, बकरी बांधाले लावली. पन माह्या लेकरावर ते कधी हासली नाही."

बाहेरून देवसिंगनं हाक मारली, "अवो रामराव, ऊन चढून राह्यलं ना!"

रामराव वळले, आणि बाहेर ड्रमापाशी गेले. गेलो कशाला, हेच त्यांना मरेपर्यंत खात राहिलं.