पुढची दोन चाकं

ह्यांच्या कमरेची चकती सरकली आणि ट्रक माझ्या गळ्यात पडला. तसा तो घरचाच होता. दहा चाकी गाडी, हे स्वतः चालवायचे. कड्याचा कांदा, नाहीतर केजकडची सोयाबीन भरायची आणि हैदराबादचा रस्ता धरायचा. मी त्यात बसले असेन ती कुणाच्या लग्नाला जाण्यापुरती. डॉक्टरांनी ह्यांना अंथरुणातून उठायचं नाही म्हणून बजावलं, तेव्हा नेकनूरच्या आमच्याच गल्लीतला एक ड्रायव्हर आम्ही ठेवला. निर्व्यसनी माणूस, मला वहिनी म्हणायचा. गाडी ताब्यात घेतल्या घेतल्या तो दारात येऊन उभा राहिला.

"वहिनी, पुढचे दोन्ही टायर गेलेत. बदलावंच लागतंय."

मी बाहेर जाऊन टायरवर हात फिरवला. गेलेला टायर आणि राहिलेला टायर यातला फरक मला काही कळला नाही. पण तो खोटं बोलणारा नव्हता. प्रश्न होता तो कोणते घ्यायचे याचा. एका मोठ्या कंपनीचे भारीतले टायर होते आणि दुसरे साधे. किमतीत इतका फरक, की भारीतली जोडी घेतली तर घराच्या मागच्या खोलीवर पत्रे टाकायचं त्या वर्षी तरी विसरायचं.

हे सतरंजीवर उताणे पडून छताकडे बघत होते. मी जवळ बसून विचारलं.

"पुढं भारीचेच टाक," हे म्हणाले.

"कावून?"

"पुढचं चाक फुटलं की स्टेरिंग हातात राहत न्हाई."

"मग भारीचं फुटत न्हाई का?"

"फुटतं की. पण कमी फुटतं."

"किती कमी?"

"आता ते मी मोजत बसलतो का?"

ड्रायव्हरला विचारलं, तर त्याचं उलटच. "साधेच घ्या वहिनी. भारीचा बी झिजतो, साधा बी झिजतो. साधा झिजला तर जीव तुटत न्हाई आपला." हेही मला पटलं. माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, उभा जन्म टायरांजवळ गेलेला. त्यांना फोन लावला. जुन्या टायरवर नवं रबर चढवून तो मागच्या चाकांना कसा चालवायचा, हे त्यांनी मला मन लावून सांगितलं.

"पण बाबा, मला पुढचे घ्यायचेत."

"पुढं रिमोल्ड चालत न्हाई. पुढं नवाच."

"तेच विचारतेय. नवा, पण कोनता?"

"ते... ते वरून ठरून यायचं गं. आमी नुस्तं बसवायचो."

शेवटी ड्रायव्हरला बरोबर घेऊन मीच बीडला गेले. बायपासजवळच्या दुकानात एक म्हातारे शेठ होते, कपाळाला भस्माचे पट्टे, बोलणं मऊ. गाडी कुठं चालते, माल काय, रस्ता कसला, सगळं त्यांनी विचारून घेतलं. भारीचा टायर जास्त पळतो, कमी तापतो, डिझेल वाचवतो आणि जुना झाला तरी त्याच्यावर पुन्हा रबर चढतं, असं सांगितलं. मग साध्या टायरवर थाप मारून म्हणाले, "हा बी वाईट न्हाई. माझ्याकडून हेच जास्त जातात."

मी म्हटलं, "शेठजी, तुमची स्वतःची गाडी असती तर?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "माझ्या थोरल्या भावाचा ट्रक हाय, ताई. त्यानं साधे टाकलेत."

"म्हंजे साधेच बरे."

"तसं न्हाई. तो माझं ऐकत न्हाई."

दुकानात उभं राहून माझं डोकं भणभणायला लागलं. किती जास्त पळतो, किती डिझेल वाचवतो, हे कुणी ठाम सांगेना. दुकानात आलेला जो तो आपल्या रस्त्याचं, आपल्या मालाचं सांगायचा. मी भारीचे घेतले. का घेतले, ते मला आजही धड सांगता येत नाही. ह्यांचा शब्द खाली पडू नये असं वाटलं असेल. नाहीतर ड्रायव्हर समोर उभा होता आणि त्याच्या देखत स्वस्तातलं मागायची लाज वाटली असेल, जरी स्वस्तातलं घ्या असं तोच म्हणत होता. परत येताना नेकनूर जवळ आल्यावर तो एवढंच म्हणाला, "दिसायला चांगले हायेत."

त्यानंतर काही महिन्यांनी कड्याला माझ्या बहिणीच्या नातवाचं नामकरण होतं. विहारात त्रिसरण पंचशील झालं, जेवणं झाली. आमची गाडी तिथंच कांदा भरत होती, म्हणून एसटीची वाट न बघता मी केबिनमध्ये चढून बसले. दुपारची वेळ होती. पाटोदा मागं पडलं. एका उतारावर गाडी एकाएकी डावीकडे ओढ घ्यायला लागली.

"वहिनी, धरून बसा," ड्रायव्हर म्हणाला. आवाज अगदी बारीक.

समोरून एसटी येत होती. मी खिडकीची दांडी दोन्ही हातांनी पकडली. त्याचे दंड ताठ झालेले दिसले. स्टेरिंग थरथरत होतं आणि खालून फडफड आवाज येत होता. एसटी आमच्या अंगाला घासून गेल्यासारखी निघून गेली. गाडी हळूहळू रस्त्याखाली मुरमात उतरली आणि एका बाभळीजवळ थांबली. मी खाली उतरून पुढं गेले. पुढचा डावा टायर पार बसला होता. त्याच्या कुशीत वीतभर चीर पडली होती आणि तिच्यात लोखंडाची पट्टी अडकून राहिली होती. उसाच्या एखाद्या ट्रॉलीची तुटून पडली असावी.

ड्रायव्हर तिथंच मातीत बसला. "भारीचा होता म्हनून वाचलो, वहिनी. साधा असता तर फाडकन फुटला असता. ह्यानं हवा दमानं सोडली."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, पैसे सार्थकी लागले.

तेवढ्यात मागून येणारा एक ट्रकवाला आम्हाला बघून थांबला. जॅक लावायला मदत करता करता तो टायर न्याहाळत होता. "एवढा भारीतला, अन् नवा कोरा असून फाटला? माझे साधे बघा की, ह्याच रस्त्यानं पळतात. लोखंडाला काय कळतंय टायर कितीचा हाय ते?" मी त्याचे टायर बघितले. चांगले धडधाकट होते. मग त्याचंही खरं वाटलं.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "टायरनं न्हाई वाचवलं, त्याच्या पायानं वाचवलं. चाक बसल्यावर करकचून ब्रेक मारला असता तर गाडी उलटली असती. त्यानं मारला न्हाई, म्हंजे पक्का ड्रायव्हर हाय."

हे मी ड्रायव्हरला कौतुकानं सांगायला गेले, तर तो ओशाळला. "कशाचं वहिनी. भीतीनं पाय उचललाच न्हाई माझा. ब्रेक मारायचाच होता मला."

दुसऱ्या दिवशी वडील बघायला आले. चीर बोटानं चाचपून म्हणाले, "ट्यूबलेस हाय ना, म्हनून हवा हळू गेली. त्यात भारीचं काय? ट्यूबलेस तर साध्यातला बी मिळतो."

म्हणजे मला वाचवलं कुणी? महागड्या रबरानं, आत ट्यूब नव्हती म्हणून, ड्रायव्हरच्या हातानं, की त्याच्या भीतीनं? विचार करून करून मी स्वयंपाकात मीठ टाकायचं विसरले.

फाटलेला टायर घेऊन पुन्हा बीडला गेलो. भरपाई मिळेल अशी मला आशा होती. शेठजींनी चीर बघितली आणि त्यांचा चेहराच उतरला. "कट लागला की क्लेम बसत न्हाई, ताई. कंपनी म्हनते रबर आमचं, रस्ता तुमचा." एवढं होऊन पुन्हा तोच प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. आता तर सगळ्यांनी जागाच बदलल्या होत्या. ड्रायव्हर हट्टाला पेटला, भारीचाच पाहिजे. ह्यांचा फोन आला, तर हे म्हणतात, "जाऊ दे, साधा घे. फाटायचा तो फाटतोच."

मी शेठजींकडे बघितलं.

"पुढं जोड सारखी लागती," ते म्हणाले. "एक भारीचा अन् एक साधा, असं बरं न्हाई."

मला हायसं वाटलं. निदान कुणीतरी मला ठरवू दिलं नाही. घरी पोचले तेव्हा हे कमरेला पट्टा बांधून भिंतीला धरून उभे होते, आजारपणात पहिल्यांदाच.

"भारीचाच आनला?"

"हो."

"कावून?"

"जोडीला जोड म्हनून."

हे हसायला लागले आणि हसता हसता कळ आली म्हणून खाली बसले. मलाही हसू आलं. ते टायरचं होतं की हे उभे राहिले याचं, ते काही कळलं नाही.

आता हे पुन्हा गाडीवर जातात. ड्रायव्हरला दुसरीकडे काम मिळालं. पुढचे दोन्ही टायर अजून चालू आहेत. चांगले चालले की नुसते चालले, ते मी विचारत नाही.

परवा शेजारीण आली. तिच्या पोरानं पिकअप घेतलाय. "तुमी लई बघितलंय, तुमीच सांगा," म्हणाली. मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, कड्याचं, बाभळीचं, शेठजींचं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे भारीचे घ्यावे का न्हाई?"

मी तिला चहा दिला आणि ह्यांना हाक मारली. ह्यांनी आधी भारीचे का घ्यावेत ते सांगितलं. कप रिकामा होईपर्यंत साधेसुद्धा कसे पुरतात तेही सांगून झालं. शेजारीण उठली, दारापर्यंत गेली आणि परत वळली.

"मी पोरालाच पाठवते," ती म्हणाली. "माझ्यानं त्याला हे सांगनं व्हायचं न्हाई."